‘आजचे कार्यक्रम’ ही चौकट परत द्या, निदान उन्हाळ्यापुरती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही उन्हाळ्यात पुण्यात काय काय मजा करता येईल, याचं रंगीत पान छापलंत. मी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. दोन वॉटर पार्क, एका मॉलमधला खोट्या बर्फाचा खेळ, एका हॉटेलातलं आंब्याच्या पदार्थांचं जेवण आणि कुठल्याशा लॉनवरचा रात्रीचा बाजार. या बाजारात नुसतं शिरायलाच माणशी तीनशे रुपये. आजवर मी बाजारात पिशवी घेऊन जात होते, आता पासबुकही न्यावं लागणार.

पान वाईट नव्हतं, चित्रं झकास होती. पण शनिवार पेठेतून यातल्या एकाही ठिकाणी रिक्षाशिवाय जाता येत नाही, आणि माझा दहा वर्षांचा नातू मेचा पूर्ण महिना माझ्याकडे असतो. त्याला रोज कुठेतरी जायचं असतं. मलाही जायचं असतं, हे कबूल करते.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. तुमच्या अंकात आतल्या पानावर डाव्या हाताला, अगदी खाली, ‘आजचे कार्यक्रम’ अशी बारीक टायपातली चौकट असायची. व्याख्यान, कीर्तन, चित्रप्रदर्शन, बी-बियाणांची विक्री, शोकसभा, सगळं एका रांगेत. ठिकाण आणि वेळ, बास. आधी ती निम्मी झाली. मग फक्त गुरुवारी यायला लागली. मग एक दिवस तिच्या जागी ‘निसर्गाच्या कुशीत एनए प्लॉट’ आले आणि ते तिथेच राहिले. मी पत्र लिहिते लिहिते म्हणत राहिले, ते आज लिहिते आहे.

माझा या विषयातला अधिकार काय, तर मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं ऑपरेटर होते आणि त्यातली बरीच वर्षं 197 वर काढली. नव्या पिढीला सांगायला हवं, 197 म्हणजे चौकशीचा नंबर. कुणाचा फोन नंबर हवा असला की लोक आम्हाला विचारायचे. नाव माहीत नसायचं. ‘ते मंडईजवळचे कानाचे डॉक्टर, उंचीनं ठेंगणे’, इतक्यावर नंबर शोधून द्यायचा. समोर जाडजूड डिरेक्टरी, कानाला हेडसेट आणि पलीकडच्या माणसाला घाई. सुट्टीच्या दिवसांत तर लोक नंबराच्या निमित्ताने भलतंच विचारायचे. पेशवे पार्क सोमवारी उघडं असतं का? फुलराणी किती वाजेपर्यंत धावते? सर्कशीचा तंबू कुठे पडलाय? ते आमचं काम नव्हतं, पण माहीत असलं तर मी सांगून टाकायचे. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. बाहेर पडणाऱ्या माणसाला वर्णन नको असतं. कुठे, किती वाजता आणि कधीपर्यंत, एवढं त्याला खरं-खरं हवं असतं.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक चित्र आलं. कोकणातल्या बागायतदारांचा आंबा थेट तुमच्या हातात, अमुक मैदान, सकाळी दहा ते रात्री आठ, अमुक तारखेपर्यंत. आंबे रसरशीत पिवळे, वर गणपती, खाली मोबाइल नंबर. आम्ही दोघं साडेअकराच्या उन्हात दोन बस बदलून तिथे पोचलो. हातात दोन कापडी पिशव्या, नातवाच्या डोक्यावर माझ्या ओढणीचं मुंडासं. फाटकाला कुलूप. आत मांडवाचे चार बांबू आणि एक कुत्रं. वॉचमननं चित्र बघितलं, स्वतःच्या मोबाइलवरही बघितलं आणि म्हणाला, ‘‘आजी, हे गेल्या वर्षीचं आहे. तुम्ही आज पाचव्या.’’ चित्रावर तारीख होती, महिना होता, साल नव्हतं.

नातू काही बोलला नाही. बस स्टॉपवर पोचल्यावर त्यानं फक्त विचारलं, ‘‘आजी, तुला हे आधी फोन करून विचारता नसतं आलं?’’ छत्तीस वर्षं टेलिफोनमध्ये काढलेल्या बाईला हा प्रश्न!

तर संपादक महाशय, ‘हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं’ हे उत्तर मला देऊ नका. मिळतं, पण ते आजचं की परवाचं ते कळत नाही आणि चुकलं तर कुणाला धरायचं तेही कळत नाही. तुमच्या अंकाच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, वार आणि साल छापलेलं असतं. आमच्यासारख्यांना तेवढ्यासाठी तुम्ही लागता.

पुण्यात उन्हाळ्यात चौकट भरेल इतकं असतं का, असं तुमच्या कार्यालयात कुणी म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा. किंवा पुढचं वाचायला द्या.

आधी जुना बाजार. मंगळवार पेठेत, कुंभार वेशीजवळ, दर रविवारी आणि बुधवारी. उन्हाळ्यात तिथे सकाळी साडेआठला गेलं पाहिजे, अकरानंतर जमीन भाजते आणि विकणारेही चिडचिडे होतात. जमिनीवर पोती, ताडपत्र्या, जुन्या चादरी अंथरून माल मांडलेला असतो. किल्ल्या नसलेली कुलपं एका बाजूला आणि कुलपं नसलेल्या किल्ल्या दुसऱ्या बाजूला. पाने, पकडी, पितळी डाव, शेगडीची बटणं, एकेकटे बूट, पुसट झालेली नाणी, बंद पडलेले कॅमेरे. माझे वडील इथून सायकलचे सुटे भाग आणायचे. आई म्हणायची, की चोरीला गेलेली आपलीच सायकल हप्त्या-हप्त्यानं परत येते आहे.

गेल्या वर्षी एका पोत्यावर मला काळा डायलचा फोन दिसला. तोच आमचा जड, बेकलाइटचा. मी खाली बसले. गुडघे दुखतात तरी बसले. नातवाला म्हटलं, लाव बघू आपल्या घरचा नंबर. त्यानं भोकात बोट घालून दाबलं. काही होईना, म्हणून आणखी जोरात दाबलं. बटण समजला होता तो. मग त्याला दाखवलं, की बोट अडेपर्यंत फिरवायचं आणि सोडून द्यायचं. डायल परत येताना जी टिकटिक होते तोच आकडा. एकला एक टिक, नऊला नऊ.

‘‘आणि शून्याला?’’

‘‘मोज.’’

त्यानं मोजल्या. दहा. मग पुन्हा मोजल्या. शेजारच्या पोत्यावरचा रेडिओवाला, चपला बघायला आलेली दोन पोरं आणि फोनवाला स्वतः, सगळे मान वाकवून ऐकत होते. कितीतरी वर्षांत माझं कामातलं ज्ञान कुणी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

किंमत सांगितली अठराशे. मी बोलायच्या तोंडाचं झाकण फिरवून उघडलं. आतली कार्बनची डबी गायब. म्हटलं, यात तर जीवच नाही. फोनवाला शांतपणे म्हणाला, ‘‘मावशी, बोलायचंय कुणाशी? शोकेसमध्ये ठेवायचा.’’ मी उठले, चार पावलं गेले, त्यानं हाक मारली, मी वळले नाही, त्यानं पुन्हा मारली. साडेसहाशेला घेतला. पन्नास रुपये जास्त गेले, असं अजून वाटतं. नातू त्यावर रोज संध्याकाळी आईला ‘फोन’ करायचा आणि मग माझ्या मोबाइलवरून खरा.

याच भागात, कसब्याच्या कुंभारवाड्यात, माठ मिळतात. माठ बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायचा. आवाज टणटणीत आला तर ठीक, भदभद आला तर चीर आहे. तुमच्या रंगीत पानात थंड पाण्याचे तीन प्रकार होते आणि तिन्हींत पुदिना होता. माठ नव्हता.

तिथून परत येताना रसवंती लागते. नातवानं तीन रस्त्यांवर तीन रसवंत्या पाहिल्या आणि विचारलं, सगळ्यांचं नाव कानिफनाथ किंवा नवनाथ कसं, एकाच मालकाच्या आहेत का? पुण्यातले बरेच रसवंतीवाले पुरंदरकडचे, बोपगावच्या कानिफनाथाला मानणारे, म्हणून ती नावं. हे मला 197 वर असताना एका रसवंतीवाल्यानंच सांगितलं होतं. त्याला त्याच्याच भावाचा नंबर हवा होता आणि माझ्याकडे ‘कानिफनाथ रसवंती गृह’ ढिगानं निघत होती. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज हा माझ्या मते या शहरातला उन्हाळ्याचा सर्वांत चांगला कार्यक्रम आहे. पण तो तुम्ही चौकटीत छापावा, असं माझं म्हणणं नाही.

मंडईबद्दल मात्र आहे. मंडई रोजचीच, तिला कार्यक्रम कशाला म्हणायचं, असं वाटेल. तर मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा सकाळी सातला जाऊन बघा. बाहेरच्या अंगाला लोणच्याच्या कैऱ्यांचे ढीग आणि त्यांच्याशेजारी फळीवर बसवलेला हातभर अडकित्ता घेऊन बसलेले कैरी फोडणारे. एका हातानं कैरी सरकवायची, दुसऱ्यानं दांडा दाबायचा, कच्चकन दोन तुकडे, मग चार, मग आठ. कोयीसकट कापायची, तरच फोड करकरीत राहते. बोट आणि पातं यांच्यात इंचाचं अंतर आणि मान वर करून शेजाऱ्याशी गप्पा चालू. नातू तिथून हलेना. गेल्या वर्षी मी पाच किलो फोडून घेतल्या, किलोला वीस रुपये फोडणावळ. तीनशे रुपयांच्या तिकिटाशी तुलना करून बघा, वर लोणचं वर्षभर.

त्याच्या पलीकडे घाटाकडच्या गावांतून आलेल्या बायका करवंदं, जांभळं, रायआवळे, तोरणं घेऊन बसतात. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी अजून ऐकू येते. एका आजीबाईंच्या पाटीला क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकलेला आणि करवंदं मोजायला चेपलेला पितळी पेला. नातवानं स्कॅन केलं, पैसे गेले, आजीबाईंच्या पिशवीतला मोबाइल ‘प्राप्त झाले’ म्हणून ओरडला. आजीबाईंनी वर मूठभर करवंदं घातली. या बायका रोज येत नाहीत आणि त्यांची करवंदं पहिल्या पावसाबरोबर संपतात. मग सांगा, ही बातमी तारखेची आहे की नाही?

मंडईची एक गोष्ट मी नातवाला तिथेच, घुमटाखाली उभं करून सांगितली. 1886 मध्ये ही अष्टकोनी इमारत झाली तेव्हा तिचं नाव गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट होतं. नगरपालिकेनं एवढा खर्च बाजाराच्या इमारतीवर करू नये, शिक्षणावर करावा, म्हणून जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. आणि आज तिला नाव कुणाचं? महात्मा फुल्यांचं. नातू म्हणाला, ‘‘मग त्यांना चालेल का?’’ मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर छापा. 11 एप्रिलला त्यांची जयंती आहे, यंदा शनिवार. त्या दिवशी त्यांच्या गंज पेठेतल्या वाड्यावर, म्हणजे समता भूमीवर, मी जाते. तीन दिवसांनी, 14 तारखेला, स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे रस्त्यावर उभं राहून पुस्तकं चाळणारी जेवढी माणसं दिसतात, तेवढी मला एरवी कुठल्या दुकानात दिसत नाहीत. तुमच्या ‘धमाल’ पानात या दोन्ही तारखा नव्हत्या.

मंडईला यायचं तर आता मेट्रोही आहे. सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी स्टेशन सुरू झाल्यापासून माझी लेक संत तुकाराम नगरला नातवाला गाडीत बसवते आणि मी मंडईला उतरवून घेते. तिकिटापेक्षा सरकत्या जिन्याची मजा त्याला जास्त. दुपारी एकला जमिनीखाली इतकं गार असतं, की मी दहा मिनिटं बाकावर बसून घेते. कुणी उठवत नाही.

अक्षय तृतीया यंदा 19 एप्रिलला, रविवारी. त्या दिवशी दगडूशेठ गणपतीपुढे अकरा हजार आंब्यांचा नैवेद्य असतो आणि नंतर ते आंबे ससूनच्या रुग्णांना वगैरे वाटतात. दर्शनाला रांग मोठी लागते, पण रस्त्यावरून जातानाच वास येतो. मला तेवढं पुरतं. त्याच दिवशी घरोघरच्या चैत्रगौरी उठतात, म्हणजे आंब्याची डाळ आणि पन्हं मिळायचा हाही शेवटचा दिवस. हे सदाशिव-नारायण-शनिवारातल्या लेकी-सुनांना ठाऊक असतं, तुम्ही छापलं नाहीत तरी चालेल.

आंब्याचं मात्र छापा. मार्केट यार्डात पेटीचा भाव रोज बदलतो आणि बागायतदार ते ग्राहक असे जे महोत्सव भरतात, त्यांच्या तारखा दरवर्षी वेगळ्या. पणन मंडळाचा असतो, आणखीही असतात. ‘रत्नागिरी’ असं पेटीवर लिहून आत दुसराच आंबा निघणं काही नवीन नाही. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मी पेटीवालीला मुद्दाम तो शब्द ऐकवते. ती म्हणते, ‘‘काकू, वास घ्या, मानांकन काय करताय!’’ बरोबरच आहे. देठापाशी वास घ्यायचा. तिथे वास नाही, तर कुठेच नाही.

आता वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली, म्हणजे दीडशे वर्षं उलटली. 21 एप्रिल ते 20 मे, टिळक स्मारक मंदिरात, संध्याकाळी. वडील मला हाताला धरून न्यायचे. मला कळायचं काहीच नाही, मी त्यांच्या मांडीवर झोपायचे आणि टाळ्या पडल्या की दचकून उठून टाळ्या वाजवायचे. नोकरीत संध्याकाळची पाळी आली, की महिनाच्या महिना हुकायचा. आता निवृत्त झाले तर रोज जाता येतं, पण आज कोण बोलणार आणि कशावर, हे सकाळी कळलं तर ना! बाजार एक दिवस चुकला तर पुढच्या बुधवारी आहेच. व्याख्यान चुकलं म्हणजे चुकलं. तुमची चौकट होती तेव्हा मी 21 एप्रिललाच कात्री घेऊन बसायचे आणि रोजची ओळ कापून दिनदर्शिकेवर चिकटवायचे.

नातवाला गेल्या वर्षी एकदा नेलं. तो वीस मिनिटं टिकला. मग कुजबुजला, ‘‘आजी, एवढं उकडतंय आणि हे वसंत कसं?’’ त्याला बाहेर आणून भेळ घेऊन दिली आणि सांगितलं, की पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, ग्रीष्म ज्येष्ठापासून. यंदा तर 17 मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ज्येष्ठ दोन आणि ग्रीष्म तीन महिन्यांचा. अधिकाचा महिना आला की जावयांच्या वाणासाठी तुळशीबागेत चांदीच्या निरांजनांपासून बत्ताशांपर्यंत जी झुंबड उडते, ती संध्याकाळी सहानंतर बघण्यासारखी असते. खरेदी करायलाच हवी असं नाही. आम्ही दोघी मैत्रिणी नुसत्या फिरतो आणि जावयांबद्दल बोलतो.

बाकीचं भरभर सांगते. जूनच्या तोंडावर अप्पा बळवंत चौकात जुन्या पाठ्यपुस्तकांची देवघेव, तिथे मागच्या मालकानं समासात काढलेली चित्रं फुकट मिळतात. संध्याकाळी सारसबागेच्या हिरवळीवर बसायला अजून तरी कुणी पैसे घेत नाही. मोमीनपुऱ्यातला रमजानचा रात्रीचा बाजार काही वर्षांपूर्वी मे महिन्यात यायचा, आता तो सरकत थंडीकडे गेला आहे. असं काय कधी सरकलं, तेही सांगायला कुणीतरी हवं.

आणि आता ज्याचं मला सर्वांत अप्रूप आहे ते. वर्षातून दोनदा पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. एकदा 13 मेच्या सुमारास आणि एकदा जुलैअखेर, पण तेव्हा ढगांमुळे दिसत नाही. कोल्हापूरला हे आठवडाभर आधी होतं, मुंबईला दोन-तीन दिवस नंतर, नागपूरला आणखी उशिरा. सूर्य दक्षिणेकडून वर सरकत येतो ना, म्हणून. पुण्यात वेळ असते दुपारी 12 वाजून 31 मिनिटं. मला हे कुठे कळलं माहीत आहे? काही वर्षांपूर्वी तुमच्याच चौकटीत, एका कीर्तनाच्या आणि एका शोकसभेच्या मध्ये, एका ओळीत आलं होतं. ती ओळ वाचून मी गच्चीवर गेले होते.

गेल्या वर्षी आम्ही सव्वाबारालाच गच्चीवर मांडामांड केली. पितळी लोटी, आजोबांच्या औषधाची उंच बाटली, उभं केलेलं लाटणं आणि तो काळा फोन. फोनची सावली काही जाईना, कारण त्याची रिसीव्हरची शिंगं बाहेर आलेली. पण बाटलीची सावली आखडत आखडत बुडाखाली शिरली. मग नातू स्वतः उभा राहिला आणि पायांभोवती एक छोटासा काळा डाग उरला. ‘‘आजी, मी माझ्यावरच उभा आहे,’’ असं म्हणून तो तेवढ्या उन्हात नाचला. खालच्या मजल्यावरची दोन मुलं धावत वर आली, तोवर पाच मिनिटं झाली होती आणि सावली दुसऱ्या बाजूनं डोकवायला लागली होती. ती रडकुंडीला आली. मला आधी सांगायला हवं होतं, असं त्यांच्या आईनं मला ऐकवलं. मी सांगणारी कोण? ते तुमचं काम.

चौकट परत आणलीत तर एवढं करा. ठिकाणाबरोबर जवळची खूण द्या. नुसतं ‘सांस्कृतिक भवन’ लिहू नका, अशी भवनं बारा आहेत. सुरू कधी होतं त्याबरोबर संपतं कधी, तेही द्या. प्रदर्शनाची शेवटची तारीख द्या. तिकीट असेल तर रुपये लिहा, ‘नाममात्र शुल्क’ लिहू नका, कारण आयोजकांचं नाममात्र आणि आमचं नाममात्र यांत फरक असतो. बसायला खुर्ची आहे का, सावली आहे का, प्यायला पाणी आहे का, हे कळलं तर सत्तरीकडे झुकलेल्या माणसांवर उपकार होतील. आणि कार्यक्रम रद्द झाला तर तेही छापा. वळवाचा पाऊस मांडवात शिरला, हेही एका ओळीत सांगता येतं.

माणसं नाहीत, वेळ नाही, असं म्हणाल. मी आहे. रोज सकाळी दहा ते बारा मी फोन करून आयोजकांकडून वेळ, जागा आणि साल विचारून घ्यायला तयार आहे. मानधन नको, अंक तर मी विकत घेतेच. आवाज अजून खणखणीत आहे आणि पलीकडचा माणूस चिडला तरी मी चिडत नाही. त्याची सवय आहे.

पत्र लांबलं, याची कल्पना आहे. कात्री लावायचीच तर माझ्या वडिलांना लावा, सायकलीला लावा, पण तारखांना लावू नका. यंदा 13 मे बुधवारी आहे. म्हणजे जुना बाजार आणि शून्य सावली एकाच दिवशी. साडेबाराला ऊन कडक असणार, तरी आम्ही दोघं कुंभार वेशीपाशी असू. त्या फोनवाल्याला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे, की दुपारी अर्धा तास माल आवरू नको. त्याच्याकडे पितळी समया आहेत, बारीक आणि उंच. त्या ओळीनं उभ्या करायचं ठरलं आहे.

कळावे,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
शनिवार पेठ, पुणे
3 एप्रिल 2026

ता. क. : चौकटीच्या जागी रोज जी प्लॉटची जाहिरात येते, तिच्यातला मोबाइल नंबर नऊच आकडी आहे. मी तीन दिवसांचे अंक ताडून पाहिले.